तीन मासे आणि एक टाकी

विचार करून वागावें, हा उपदेश मीं पस्तीस वर्षें शाळेंत केला. फळ्यावर सुभाषितें लिहिलीं, मुलांकडून त्यांचा अन्वय लावून घेतला, निबंधालाहि तोच विषय दिला. असा मनुष्य प्रसंगीं स्वतः किती अविचारी ठरूं शकतो, याची हकीगत आज वाचकांपुढें ठेवणार आहें. हकीगत माझी आहे, तेव्हां संकोच वाटतो. परंतु दुसऱ्यांच्या चुका दाखविण्याचें काम या पानावर मीं पुष्कळ केलें. आतां एकदां स्वतःची पाळी.

गेल्या वर्षीं आम्ही उभयतां सहा महिन्यांसाठीं कन्येकडे अमेरिकेंत न्यूजर्सी येथें गेलों होतों. जावईबापूंस समुद्री मासे पाळण्याचा नाद आहे. दिवाणखान्यांत चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी काचेची टाकी. तींत सुमारें २५० लिटर खारें पाणी. पाण्यांत खडक, खडकांवर जिवंत प्रवाळें, आणि त्यांमधून फिरणारे पांच मासे. प्रथमदर्शनीं मला ती पैसेवाल्यांची हौस वाटली. पण तेरा वर्षांच्या नातवानें जवळ बसवून त्या टाकीचें शास्त्र समजावून दिलें, तेव्हां माझें मत पालटलें.

माशांच्या मलमूत्रांतून व उरल्यासुरल्या अन्नांतून अमोनिया उत्पन्न होतो. तो माशांस विष आहे. खडकांत व वाळूंत राहणारे सूक्ष्म जंतु अमोनियाचें नायट्राइट करतात. दुसऱ्या जातीचे जंतु त्याचें नायट्रेट करतात, आणि तें त्या मानानें सौम्य असतें. जंतूंची ही वसाहत नव्या टाकींत बसण्यास सामान्यतः चार ते सहा आठवडे लागतात. तोंवर पाणी स्फटिकासारखें दिसलें तरी आंत सोडलेल्या माशाच्या जीवाचा भरंवसा नाहीं. पाण्यांत क्षार हजारीं ३५ भाग असावा लागतो. उष्णता २४ ते २६ अंश सेल्सिअस राखावी लागते. पाणी वाफ होऊन उडतें, मीठ मात्र मागें राहतें. म्हणून रोज जी भर घालावयाची ती खाऱ्या पाण्याची नव्हे, शुद्ध गोड्या पाण्याची. प्रवाळें आपला सांगाडा पाण्यांतील कॅल्शियमपासून बांधतात. तें दर लिटरास ४०० ते ४५० मिलिग्रॅम असलें म्हणजे ठीक. नातू दर रविवारीं हीं मापें घेऊन वहींत मांडून ठेवी. "आजोबा, या टाकींत चांगलें होतें तें सावकाश होतें. झटपट होतें तें वाईटच," असें तो मला म्हणाला. या नादांतल्या लोकांत ही जणूं म्हणच होऊन बसली आहे. मीं मान डोलावली. शिक्षकाला उपदेश ऐकण्याची सवय कमी. मान डोलावून मी तो विसरलों.

एका शनिवारीं आम्ही सर्वजण टाकीसाठीं मीठ आणावयास दुकानांत गेलों. आणावयाचें होतें केवळ मीठ. तेथें एका टाकींत गडद निळ्या अंगाचा व पिवळ्या शेपटीचा 'ब्ल्यू टँग' नांवाचा मासा फिरत होता. २००३ व २०१६ सालच्या दोन व्यंगचित्रपटांमुळें हा मासा मुलांच्या अगदीं ओळखीचा झाला आहे. सहा वर्षांच्या नातीनें काचेला नाक लावलें तें कांहीं केल्या काढीना. दुकानदार म्हणाला, एवढा एकच शिल्लक आहे. जावईबापूंचा हात खिशाकडे गेला. तेव्हां नातू हळूच म्हणाला, "बाबा, हा वाढून फूटभर होतो. आपली टाकी त्याला लहान आहे. आणि नवा मासा आधीं महिनाभर वेगळ्या टाकींत ठेवायचा असतो. तशी टाकी आपण मांडलेली नाहीं." जावईबापू थबकले. मी मात्र थबकलों नाहीं. "अहो, लेकरूं एवढें हरखलें आहे, घेऊन टाका," असें मी म्हणालों; आणि नातवाकडे वळून, "मोठीं माणसें बोलत असतां मध्यें बोलूं नये रे," असेंहि म्हणालों. मासा घरीं आला. मीठ आणावयाचें राहून गेलें.

दहाव्या दिवशीं त्याच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसूं लागले. क्रिप्टोकॅरिऑन नांवाच्या परोपजीवी जंतूचा हा रोग, आणि ब्ल्यू टँगला तो फार लवकर जडतो. तीन दिवसांत इतर माशांवरहि ठिपके उमटले. नातवानें पांच वर्षें सांभाळलेली नारिंगी क्लाउन माशांची जोडी होती. तीहि सुटली नाहीं. या रोगावर तांब्याचें औषध चालतें. परंतु मासे वेगळ्या भांड्यांत काढून तें तेथें द्यावयाचें असतें. कारण कोळंब्या, गोगलगाई, प्रवाळें अशा कणा नसलेल्या जीवांस तांबें मारक आहे. बाटलीवर तसें छापलेलेंहि होतें. जावईबापू चष्मा लावून तें वाचीत बसले. मला तें वाचणें सहन होईना. "वाचतां काय? डोळ्यांदेखत मासे चालले. घाला औषध!" मी ओरडलोंच. वडील माणसाच्या शब्दापुढें ते बोलले नाहींत. औषध टाकींत पडलें.

दोन दिवसांत कोळंब्या मेल्या. गोगलगाई काचेवरून गळून पडल्या. प्रवाळें मिटलीं तीं पुन्हां उमललीं नाहींत. मेलेले जीव कुजूं लागले तसा अमोनिया वाढला, आणि जे मासे रोगांतून कदाचित् वांचले असते तेहि विषानें गेले. नातवानें क्लाउनच्या जोडीतला एक मासा वेळेवर बादलींत काढला, तेवढाच उरला. तांबें खडकांत मुरतें व पुढें कित्येक दिवस पाण्यांत उतरत राहतें; म्हणून खडकहि टाकून द्यावे लागले. पांच वर्षांचें काम आठवड्यांत संपलें.

नातू माझ्यावर रागावला नाहीं. रागावला असता तर बरें झालें असतें. वही घेऊन माझ्या शेजारीं बसावयाचें मात्र त्यानें सोडलें. तिसऱ्या दिवशीं मीं त्याला हांक मारली आणि म्हटलें, "अरे, दुकानांत तुझेंच बरोबर होतें. मीं तुला गप्प केलें, तें माझें चुकलें. औषधाचीहि घाई माझीच." तो थोडा वेळ रिकाम्या काचेकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "आजोबा, मींच जरा मोठ्यानें बोलायला हवें होतें." हें ऐकून मला अधिकच लाज वाटली. उणीव ऐकणाऱ्याच्या कानांत होती. त्या मुलाला ती आपल्या आवाजांत दिसली.

त्या रात्रीं मला पंचतंत्राच्या मित्रभेदांतील तीन मासे आठवले. उद्यां येऊन तळ्यांत जाळें टाकूं, हें कोळ्यांचें बोलणें ऐकून अनागतविधाता रातोरात दुसरीकडे निघून गेला. प्रत्युत्पन्नमति प्रसंग येतांच युक्तीनें वांचला. आणि होणार तें होईल म्हणणारा यद्भविष्य मारला गेला. ही कथा मीं असंख्य वेळां शिकविली, आणि दर वेळीं आळशी यद्भविष्याचीच निंदा केली. कथेंत नसलेल्या चवथ्या माशाचा विचार माझ्या मनांत कधीं आला नाहीं. कोळ्यांचें नांव ऐकतांच घाबरून जो तळ्यांतून कोरड्या काठावर उडी घेतो, तो चवथा. त्या आठवड्यांत आमच्या घरांतला चवथा मासा मी होतों.

घाई दोन प्रकारची असते, असें आतां मला वाटतें. एक लोभाची, दुसरी भयाची. दुकानांत झाली ती लोभाची. 'एवढा एकच शिल्लक आहे' या शब्दांवर ती पोसते. औषधाच्या वेळीं झाली ती भयाची. 'कांहींतरी करा' हा तिचा मंत्र. पहिलीनें आलेलें संकट दुसरीनें दसपट केलें. आणि दोन्ही वेळां घाई करणाऱ्याला आपण कनवाळू आहोंत असेंच वाटत होतें. एकदां नातीसाठीं, एकदां माशांसाठीं.

तेथें शेजारीं एक निवृत्त अमेरिकन अभियंता राहतात. त्यांच्या घरीं एकच टाकी पंधरा वर्षें नांदत आहे. नातू मला त्यांच्याकडे घेऊन गेला. सावकाशपणाचें व्याख्यान ऐकावें लागेल अशी माझी कल्पना होती. त्यांनीं वेगळेंच सांगितलें. एकदां त्यांच्या टाकीचा हीटर बिघडून बंद होईना आणि पाणी तापूं लागलें. त्यांनीं प्रथम तार उपटली आणि मग विचार केला. त्यांचा नियम असा : जें केलेलें परत फिरवितां येतें, तें संकटांत ताबडतोब करावें, जें परत फिरवितां येत नाहीं, त्यावर एक रात्र तरी झोपावें. तार उपटली तर पुन्हां लावतां येते. त्याच खारटपणाचें व उष्णतेचें ताजें पाणी घालून थोडें जुनें काढलें, तर सहसा बिघडत नाहीं. ओतलेलें तांबें मात्र परत घेतां येत नाहीं. एवढा साधा भेद माझ्या सुभाषितांच्या वहींत कोठें नव्हता.

घाईचें नुकसान एका घरापुरतें राहतें असेंहि नाहीं. इंग्लंडांत फिलिप हेन्री गॉस यांनीं १८५४ सालीं मत्स्यालयाविषयीं ग्रंथ लिहिला, आणि त्या देशांत घरोघरीं समुद्री जीव पाळण्याची लाट उसळली. लोक बरण्या घेऊन किनाऱ्यावर धांवले. गॉस स्वतः श्रद्धाळू व निसर्गावर प्रेम करणारे गृहस्थ होते. परंतु त्यांचे पुत्र एडमंड गॉस यांनीं १९०७ सालच्या आपल्या आत्मवृत्तांत खेदानें नमूद केलें आहे कीं, वडिलांच्या ग्रंथांनीं वेडावलेल्या संग्राहकांनीं ते खडकांतले सुंदर डोह ओरबाडून रिते केले. आजहि प्रवाळांतले बहुतेक शोभेचे मासे फिलिपाइन्स, इंडोनेशिया यांसारख्या देशांच्या समुद्रांतून धरून आणावे लागतात. क्लाउन मासे टाकींत सहज वाढवितां येतात. ब्ल्यू टँग मात्र फ्लॉरिडा विद्यापीठांतील संशोधकांस प्रथम २०१६ सालीं वाढवितां आला. म्हणजे शनिवारच्या हौसेपोटीं मेलेला मासा बहुधा कोठल्यातरी समुद्रांतून उणा झालेला असतो. आपल्या मालवणच्या समुद्रांतहि प्रवाळें आहेत. तेथें १९८७ सालीं सागरी अभयारण्य झालें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें आपल्याकडील प्रवाळांस व समुद्रघोड्यांस संरक्षण दिलें आहे, तेव्हां किनाऱ्यावर गेलेल्या कोणीहि तीं घरीं आणण्याचा मोह धरूं नये.

टाकी पुन्हां मांडली ती नातवाच्या हुकमतीखालीं. नवे खडक आले. मासा नाहीं, प्रवाळ नाहीं. सहा आठवडे नुसतें पाणी फिरत राहिलें. अमोनिया चढला, उतरला. मग नायट्राइट चढलें, उतरलें. रोज सायंकाळीं आम्ही दोघे तो आंकडा लिहीत असूं. रिकाम्या टाकीपुढें बसणें ही मला मोठीच शिक्षा होती, आणि ती मला हवी होती. वांचलेला मासा तोंवर औषधोपचार घेऊन वेगळ्या भांड्यांत बरा झाला. वहीच्या पहिल्या पानावर नातवानें लिहिलें : 'पहिल्यांदा पाहिला त्या दिवशीं कोणताहि मासा विकत घेणें नाहीं.'

आम्ही परतण्याच्या थोडे दिवस आधीं रात्रीं वादळ होऊन वीज गेली. पाणी हालावयाचें थांबलें म्हणजे त्यांतला प्राणवायु कमी होत जातो. मी अंधारांत चपला शोधीत होतों, तोंवर नातवानें कपाटांतून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप काढून टाकींत सोडलासुद्धां. दोन मिनिटें लागलीं नसतील. तो पंप त्यानें महिन्यापूर्वींच आणवून तपासून ठेवला होता. अनागतविधाता आणि प्रत्युत्पन्नमति हे दोन मासे मी आजवर निराळे समजत होतों. संकटांत ज्याची बुद्धि तत्काळ चालते, त्यानें बहुधा आधींच शांतपणें विचार करून ठेवलेला असतो.

आपल्या घरांतहि परत न फिरणारे निर्णय असतात. एका बैठकींत सोयरीक जुळविणें, वडिलार्जित जमीन विकून टाकणें, एका शब्दावरून भावाभावांनीं चूल वेगळी मांडणें. हें सर्व टाकींत ओतलेल्या तांब्यासारखें आहे. अशा वेळीं एक रात्र जाऊं द्यावी. आणि झोपण्यापूर्वीं घरांत जो सर्वांत हळू बोलतो, मग तो नातू असो, सून असो कीं धाकटा भाऊ असो, त्याला जवळ बोलावून त्याचें म्हणणें पूर्ण ऐकून घ्यावें. मध्यें बोलूं नये, हा नियम त्या वेळीं वडील माणसांनीं पाळावा.

असो. परवां नातवाचा फोन आला होता. क्लाउन माशाला सोबतीण आणावयाची आहे म्हणाला. दुकानांत एक पाहिलीहि आहे. "मग केव्हां आणतोस?" असें मीं विचारलें. "वेगळी टाकी मांडली आहे, आजोबा. पुढच्या महिन्यांत बघूं," असें तो म्हणाला.