ऊन पाण्याचे झरे

गेल्या माघांत सहकुटुंब वज्रेश्वरीस जाण्याचा योग आला. देवीचें दर्शन आटोपून आम्ही तानसा नदीकांठीं अकलोलीच्या कुंडांवर गेलों. पाण्यांत पाय बुडवितांच धाकट्या नातवानें विचारिलें, "आजोबा, हें पाणी तापवितो कोण?" वहिनींनीं देवीनें मारलेल्या दैत्यांच्या रक्ताची कथा सांगितली. आम्हीं मात्र संवयीप्रमाणें उत्तर दिलें, "भूगर्भांत गंधक जळतो, त्याच्या योगानें." नातू म्हणाला, "जळायला हवा लागते ना? तिथें हवा कुठून आली?"

प्रश्न बिनतोड होता. लाजेची गोष्ट अशी कीं, हेंच उत्तर आम्हीं तीस वर्षें वर्गांत दिलें, आणि तें चूक आहे. ज्यांनीं तें घोकलें त्यांपैकीं कित्येकांच्या घरीं हा अंक जात असेल; तेव्हां दुरुस्ती येथेंच केलेली बरी.

पाणी मूळचें पावसाचेंच. त्याचा कांहीं अंश खडकाच्या भेगांतून खोल खोल मुरतो. पृथ्वीच्या पोटांत दर किलोमीटरास सुमारें २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान वाढत जातें. ही उष्णता कांहीं पृथ्वीच्या जन्मकाळची, व कांहीं खडकांतील युरेनियम, थोरियम इत्यादि द्रव्यांच्या किरणोत्सर्गानें उत्पन्न होणारी. खोल गेलेलें पाणी तापतें, परंतु वरील दाबामुळें त्याची वाफ होत नाहीं. तापलें कीं तें हलकें होतें; मागून थंड, जड पाण्याचा रेटा असतोच. वर येणारी मोठी भेग सांपडली कीं तें निवण्यापूर्वींच पृष्ठभाग गांठतें. कोंकणांत सातिवलीपासून राजापुरापर्यंत ३०० किलोमीटरांहून अधिक अंतरांत हे झरे जवळजवळ दक्षिणोत्तर रांगेनें आहेत, तें उगीच नव्हे.

कोणी म्हणतील, आपला काळा पाषाण ज्वालामुखीचाच ना? खरें, पण तो लाव्हा सुमारें ६.६ कोटी वर्षांपूर्वींचा. केव्हांच निवाला.

मग गंधकाचा वास? ऊन पाणी खडकांतील द्रव्यें विरघळवीत येतें, त्यांतून हैड्रोजन सल्फाइड वायु सुटतो, तोच नाकास झोंबतो. नैयायिक धुरावरून अग्नीचें अनुमान करितात. आम्हीं धुरासच अग्नि ठरविलें होतें!

जातां जातां एक सूचना. अकलोलीचें पाणी सोसवतें म्हणून दापोलीकडील उन्हवऱ्यास मुलांना तसेंच कुंडांत सोडूं नये. तेथें उगमापाशीं तें सुमारें ७० अंश असतें.

वहिनींनीं हें सारें शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारिलें, "भावोजी, त्या भेगा पाडल्या कोणीं?" नातू आमच्या तोंडाकडे पाहूं लागला. त्याविषयीं पुढील अंकीं.