चरित्रकर्तीचे विस्मरण

३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी कल्याणच्या, हे कल्याणकरांना अभिमानाने ठाऊक असते. परंतु मराठीत त्यांचे पहिले विस्तृत चरित्र, तेही पत्रांच्या आधारे, लिहिणाऱ्या काशीबाई कानिटकर (१८६१–१९४८) यांचे नाव विचारले, तर साहित्याचे विद्यार्थीदेखील अडखळतात. आनंदीबाई आपल्याला माहीत आहेत त्या श्री. ज. जोशी यांच्या १९६८ सालच्या 'आनंदी गोपाळ'मधून, नाटकातून, २०१९ च्या चित्रपटातून. त्या कादंबरीचे मोल आम्ही नाकारीत नाही. पण एका स्त्रीने आपल्या समकालीन स्त्रीविषयी लिहिलेले पुस्तक मागे पडावे, ही गोष्ट साधी नव्हे.

आणि काशीबाई केवळ चरित्रकार नव्हत्या. लग्नानंतर, घरातल्यांचे टोमणे सोसत त्या वाचायला शिकल्या. पुढे 'रंगराव' लिहिली. १९२८ साली 'पालखीचा गोंडा' या कादंबरीत संस्थानाचा कारभार स्त्रीच्या हाती देऊन पाहिला. सरोजिनी वैद्य आणि मीरा कोसंबी यांनी त्यांच्यावर साक्षेपाने काम केले. तरी अभ्यासक्रमात त्या बहुधा 'हरिभाऊ आपट्यांच्या स्नेही' म्हणूनच येतात. हरिभाऊंचा परिचय करून देताना 'काशीबाईंचे स्नेही' असे कोणी म्हणत नाही!

ठाणे आणि डोंबिवली ही साहित्य संमेलने भरवलेली शहरे (२०१० आणि २०१७). कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, म्हणजे आनंदीबाईंहून वर्षभराने वडील. शब्दसुरांच्या मैफलींना येथे श्रोता आहेच. अशा एखाद्या सायंकाळी काशीबाईंच्या गद्याचे अभिवाचन व्हावे आणि साथीला पियानो असावा, असे आम्हांस वाटते.

पियानोच का? पेटी, सतार वा बासरी वाजू लागली की रागाचा ठरलेला भाव श्रोत्याच्या मनात आधीच उतरतो. त्यातून चरित्रनायिका अल्पायुषी, मग करुण स्वर ओघानेच आले. काशीबाईंचे गद्य असे गळा काढणारे नाही. ते निरीक्षण करते, मधूनच मिश्किल होते. पियानोत मींड नाही. हातोडी तारेवर पडते, स्वर उमटतो आणि तेथूनच विरू लागतो. त्या विरण्यात पुढचे वाक्य नीट ऐकू येते. शिवाय हे वाद्य आपल्या माजघरातले नव्हे, आणि पुस्तक हाती धरलेली सूनही तेव्हा माजघरातली मानली जात नव्हती.

अर्थात वादकाला बराच वेळ गप्प बसता आले पाहिजे. वाक्याखाली सतत स्वर पसरत राहिले, तर श्रोते संगीताची वाहवा करून घरी जातील. निवेदनही आवरते हवे. आमच्याकडे निवेदक लेखिकेपेक्षा अधिक बोलतो.

तिकिटाबरोबर चहाचे कुपन देण्याऐवजी 'पालखीचा गोंडा'चे एक प्रकरण छापून द्यावे. उरलेली कादंबरी कोठे मिळेल, असे दहा जणांनी जरी विचारले, तरी पुनर्मुद्रणाचा प्रश्न एखाद्या प्रकाशकाच्या दारी नेता येईल.