आलेखातील सात सेकंद

शास्त्रीय निबंधातील आलेख म्हणजे निसर्गाने स्वहस्ते लिहिलेला दस्तऐवज, अशी सुशिक्षित वाचकाची भाबडी समजूत असते. मजकुराविषयी तो शंका घेतो. आलेखापुढे मात्र मान तुकवतो. वस्तुतः आलेख हेही एक वाचनच होय, आणि ते कोणत्या मापाने केले हे विचारण्याचा अधिकार भाषेच्या अभ्यासकालाही आहे.

२३ फेब्रुवारी १९८७ रोजी मोठ्या मॅगेलन मेघातील एका ताऱ्याच्या स्फोटातून निघालेले न्यूट्रिनो पृथ्वीवर पोहोचले. जपानमधील कामिओका खाणीतल्या कामिओकांदे या शोधक यंत्राने सुमारे १३ सेकंदांत ११ घटना नोंदल्या. (बारावी नोंद फार क्षीण म्हणून वगळण्यात आली, तीही एक संपादकीय निवडच.) त्यांपैकी ८ पहिल्या दोन सेकंदांतल्या, मग सात सेकंदांहून अधिक शांतता, आणि शेवटी ३.

घटनादर काढणे म्हणजे घटनांच्या संख्येला काळाने भागणे. पण कोणत्या काळाने? २ सेकंदांचे वर्गांतर घेतले, तर पहिला स्तंभ सेकंदाला ४ घटनांइतका उंच, पुढचे तीन रकाने रिकामे आणि त्यानंतर तीन बुटके स्तंभ. जणू झरा आटून पुन्हा फुटला. ७ सेकंदांचे घेतले, तर दर १.१ वरून ०.४ वर उतरतो आणि निवत जाणाऱ्या निखाऱ्याचे चित्र दिसते. नोंदी त्याच, कथा दोन. शिवाय केवळ ३ घटनांवरून काढलेल्या दरातील अनिश्चितता त्या दराच्या निम्म्याहून अधिक असते. ती दाखवणारी उभी रेघ स्तंभावर नसेल, तर दोन्ही कथा सारख्याच ठाम वाटतात.

त्या शांततेत अर्थ शोधण्याचा मोह काही अभ्यासकांना झालाच. परंतु ओहायोतील मिठाच्या खाणीतल्या आयएमबी यंत्रानेही त्याच वेळी ८ घटना नोंदल्या होत्या. कामिओकांदेच्या घड्याळात एका मिनिटापर्यंत चूक संभवत होती, म्हणून दोन्हींची पहिली नोंद एकाच क्षणाची मानावी लागते. तसे मानले, की आयएमबीच्या शेवटच्या दोन घटना नेमक्या त्या शांततेत पडतात. पोथ्यांच्या अभ्यासकाला हे अपरिचित नाही. भांडारकर संस्थेने १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत एकाच प्रतीवर विसंबलेले नाही, आणि नाकारलेले पाठही तळटीपांत वाचकाच्या हाती ठेवलेले आहेत.

आलेखाच्या तळटीपा मात्र भाषांतरात सर्वांत आधी गळतात. देशी भाषांतील विज्ञानलेखनात अक्षांची नावे निष्ठेने मराठीत वा हिंदीत येतात. वर्गांतर किती, अनिश्चितता किती, यंत्र प्रत्यक्षात किती वेळ जागे होते, हे येत नाही. आयएमबीचे यंत्र प्रत्येक नोंदीनंतर सेकंदाचे सुमारे ३५ सहस्रांश बधिर राहत असे. तो काळ वजा केल्याशिवाय त्याचा खरा दर निघतच नाही, आणि हे सांगायला आलेखाखाली एक ओळ पुरते.