अपंगांचे साधन आणि गावाची वाट

प्रेषितांच्या कृत्यांच्या तिसऱ्या अध्यायात एका जन्मपांगळ्या मनुष्याचा वृत्तांत आहे. लोक त्यास रोज उचलून मंदिराच्या ‘सुंदर’ नावाच्या दरवाजाशी आणून ठेवीत. त्यांच्या ठायी दया होती यात संशय नाही; परंतु तिची मजल दरवाजापर्यंतच होती. पेत्राने त्यास हात देऊन उठविले, त्याचे घोटे बळकट झाले, आणि तो मंदिराच्या आत गेला. आपल्या खानदेशातील अपंग बंधुभगिनींविषयीची आपली दया अद्याप दरवाजाशीच थांबली आहे, असे आमचे नम्र मत आहे.

सन २०११ च्या खानेसुमारीत भारतात सुमारे २ कोटी ६८ लक्ष अपंगांची नोंद झाली. त्यांपैकी शेकडा ६९ खेड्यांत राहणारे होते. तथापि पुष्कळशी साधने शहरातील फरशी डोळ्यांपुढे ठेवून घडविलेली असतात. इस्पितळातील चाकाची खुर्ची तेथे सुरेख चालते. पण श्रावणात यावल-रावेरच्या काळ्या चिखलात तिची पुढील लहान चाके रुततात, आणि शिरपूर तालुक्यातील सातपुड्याच्या पायवाटेवर ती नेणेच कठीण. मग अशी खुर्ची घराच्या कोपऱ्यात पडून राहते, व तिचा धनी ओट्यावर.

या बाबतीत जयपूरचे उदाहरण मननीय आहे. सन १९६८ च्या सुमारास तेथील कारागीर रामचंद्र शर्मा व डॉक्टर प्रमोद करण सेठी यांनी रबराचा कृत्रिम पाय सिद्ध केला. विलायती धर्तीच्या पायास बूट लागे. त्याने मांडी घालणे वा उकिडवे बसणे साधत नसे. जयपूरच्या पायाने मनुष्य अनवाणी चालतो, उकिडवा बसतो, चिखलपाण्यात उतरतो. शेतकरी कसा बसतो, कसा चालतो, हे त्या उभयतांनी आधी पाहिले, यातच त्यांची थोरवी.

परंतु साधन देऊन काम संपत नाही. मूल वाढते तसा पाय बदलावा लागतो, तोल सांभाळण्याचा अभ्यास करावा लागतो, पट्टे तुटतात. शिबिराची मंडळी परत गेल्यावर हे कोणी पाहावे? तीनचाकीचे चाक गावचा सायकलदुरुस्तीवाला नीट करू शकतो. ज्याची डागडुजी गावात होते, तेच साधन टिकते.

महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचा शेकडा ५ भाग अपंगांच्या कल्याणार्थ खर्चावा, असा नियम आहे. तो पैसा चिल्लर वाटून संपविण्यापेक्षा दुरुस्तीस व शाळा-दवाखान्यांच्या उतरणीस लावावा. कोणी म्हणतील, थोडक्यांसाठी एवढा खर्च कशास? उत्तर असे की, त्याच उतरणीवरून गावची म्हातारी माणसे व गरोदर स्त्रियाही जातील.

विद्यार्थिमित्रहो, सुटीत गावी जाल तेव्हा शाळेच्या पायऱ्या मोजा, आणि त्या चढता न आल्याने कोण घरी राहिले आहे याची चौकशी करा. ती नावे कागदावर लिहून ग्रामसभेत वाचून दाखवा. आरंभास एवढे पुरे आहे.