‘क्रेडिबिलिटी’च्या मागे कुठलं क्रियापद लावता?

या आठवड्याच्या व्हिडिओत बायरशी इंग्रजीत कसं बोलायचं ते पाहिलं. त्यातला एक मुद्दा इथे सविस्तर.

आपल्यापैकी बरेच जण मीटिंगमध्ये सांगतात, ‘वी आर व्हेरी क्रेडिबल.’ माझं स्पष्ट मत आहे, हे वाक्य टाकून द्या. आपली पत आपण सांगायची नसते, समोरच्याने ठरवायची असते. इंग्रजीतली क्रियापदंसुद्धा हेच सांगतात. ‘मेक क्रेडिबिलिटी’ असं कुणी म्हणत नाही. म्हणतात ते असं:

बिल्ड किंवा अर्न क्रेडिबिलिटी: हळूहळू नाव कमावणं. वेळेत माल, ठरलेलं वजन, पक्कं बिल.

लेंड क्रेडिबिलिटी: दुसऱ्या कुणामुळे आपल्या शब्दाला वजन येणं. 2018 मध्ये कोकणच्या हापूसला जीआय मिळालं. आपलं विजयदुर्ग देवगड तालुक्यातच, म्हणजे त्याचा फायदा आपल्यालाही. पण ‘लेंड’ म्हणजे उसनं देणं. उसन्यावर सुरुवात होते, धंदा टिकत नाही.

डॅमेज किंवा लूज क्रेडिबिलिटी: पेटीवर ‘देवगड हापूस’ आणि आत भलतीकडचा आंबा. फसवतो एक, संशय सगळ्या बागायतदारांवर येतो.

रिस्टोर क्रेडिबिलिटी: गेलेला विश्वास परत मिळवणं. देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने 2025 च्या हंगामात प्रत्येक फळासाठी वेगळा कोड असलेला स्टिकर आणला, तो याचसाठी. ‘आमच्यावर विश्वास ठेवा’ असं नुसतं सांगण्यापेक्षा, ‘तपासून घ्या’ म्हणणं केव्हाही भारी!

क्रेडिबिलिटी इज ॲट स्टेक: पत पणाला लागणं. पहिली मोठी ऑर्डर आली की हे वाक्य आठवा. जमेल तेवढाच माल कबूल करा.

आणखी एक गंमत. ‘क्रेडिट’ आणि ‘क्रेडिबिलिटी’ हे दोन्ही शब्द ‘विश्वास ठेवणे’ अशा अर्थाच्या एकाच लॅटिन धातूपासून आलेत. आपल्याकडे तर एकच शब्द दोन्ही कामं करतो: पत. म्हणून तर ‘पतपेढी’. कर्ज हवं असेल तर पत आधी लागते, इंग्रजी नंतर.

मग मीटिंगमध्ये बोलायचं काय? जीआयचे अधिकृत वापरकर्ते असाल तर नोंदणी क्रमांक सांगा. मागच्या हंगामात किती पेट्या पाठवल्या, किती तक्रारी आल्या, त्या कशा सोडवल्या, ते सांगा. इंग्रजी मोडकं असलं तरी चालेल. आकडे पक्के हवेत.

आज एवढंच करा: तुमच्या माहितीपत्रकातला ‘विश्वासार्ह’ हा शब्द खोडा आणि त्या जागी ग्राहकाला तपासता येईल अशी एक गोष्ट लिहा.