मशीनला नीट विचारा, "कोण आहे?"

एएस/४०० म्हटलं की आमच्या जावावाल्या मित्रांच्या चेहऱ्यावर म्युझियममध्ये शिरल्यासारखे भाव येतात. काळा स्क्रीन, हिरवी अक्षरं वगैरे. १९८८ साली आलेलं हे मशीन. आयसिरीज, सिस्टिम आय अशी बारशी होत होत २००८ पासून त्याची ऑपरेटिंग सिस्टिम 'आयबीएम आय' झाली. आजही कितीतरी बँका आणि कारखाने तिच्यावर चालतात. असो.

मला या मशीनचं कौतुक वेगळ्याच कारणासाठी आहे. इथे प्रोग्रॅमला स्वतःची कुंडली सहज काढता येते. आरपीजीमध्ये 'प्रोग्रॅम स्टेटस डेटा स्ट्रक्चर' लिहिलं की प्रोग्रॅमचं नाव, जॉबचं नाव, युजर, जॉब नंबर सगळं आयतं हातात! सीएलमध्ये 'रिट्रीव्ह जॉब अ‍ॅट्रिब्यूट्स' ही कमांड जॉबच्या माहितीपुरतं तेच काम करते. मशीनचा सिरियल नंबर हवा? सिस्टिम व्हॅल्यू विचारा. एका ओळीचं काम.

आणि इथेच गंमत आहे. त्या स्ट्रक्चरमध्ये युजर दोन आहेत. २५४ ते २६३ या जागेवर ज्याच्या नावाने जॉब सुरू झाला तो, आणि ३५८ ते ३६७ वर सध्याचा युजर. हिरव्या स्क्रीनवर साइन-ऑन करून काम केलं तर दोन्हीकडे बहुधा एकच नाव दिसतं. म्हणून वर्षानुवर्षं सगळ्यांनी पहिलंच उचललं, कॉपी-पेस्ट केलं आणि कोणाचं काही बिघडलं नाही.

मग ओडीबीसी आणि वेब स्क्रीन आले. ती कामं करणारे डेटाबेस सर्व्हर जॉब 'क्यूयूजर' या प्रोफाइलच्या नावाने आधीच सुरू असतात, खरा माणूस नंतर आत येतो. म्हणजे जॉबचा युजर क्यूयूजर आणि सध्याचा युजर तुम्ही-आम्ही. लॉगमध्ये जुनीच जागा वाचली की अख्खं ऑफिस क्यूयूजर!

एका क्लायंटकडे एका मालाचा दर बदलला गेला. लॉगमध्ये नाव क्यूयूजर. साहेबांनी तर्क लढवला, "हा आयडी सिस्टिमचा, म्हणजे हात सिस्टिमवाल्याचा." रात्रपाळीच्या ऑपरेटरने दोन आठवडे खुलासे दिले. बिचाऱ्याने त्या स्क्रीनला हातही लावला नव्हता.

तेव्हा माझं स्पष्ट मत आहे. लॉगमध्ये चुकीचं नाव लिहिण्यापेक्षा रकाना कोरा ठेवलेला बरा. कोऱ्या रकान्याकडे पाहून निदान कोणी चौकशी तरी करतं. छापलेल्या नावावर लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात.

"मग सध्याचा युजर घेतला की झालं ना?" नाही हो! तुमचं वेब अ‍ॅप्लिकेशन सगळ्यांसाठी एकाच आयडीने डेटाबेसला जोडलं असेल, तर तिथेही तोच एक आयडी दिसणार. खरं नाव फक्त अ‍ॅप्लिकेशनला ठाऊक. ते त्याने मशीनपर्यंत पोचवायला हवं. त्यासाठी एसक्यूएलमध्ये क्लायंट युजर आयडीची वेगळी सोय आहे. पण ती भरायचं काम आपलं.

मशीन खोटं बोलत नाही, पण विचारलं तेवढंच सांगतं. सोमवारी ऑफिसला गेलात की तुमच्या लॉगमध्ये किती वेगवेगळी नावं आहेत ते एकदा मोजा. दोनशे माणसांच्या कंपनीत तीनच नावं निघाली, तर पुढच्या भानगडीत कोणाची मान अडकेल याचा विचार आत्ताच करा. कदाचित तुमचीच असेल :)