घाटाखालचा उन्हाळा आणि दाट केसांचे श्वान

मार्च उलटला की बुलडाणा जिल्ह्यातील घाटाखालच्या मलकापूर, नांदुरा, शेगाव या तालुक्यांत पारा चाळिशी ओलांडू लागतो. पॉमेरेनियन, जर्मन शेफर्ड किंवा हस्की पाळणाऱ्या घरांत मग कुत्र्याचे केस भादरण्याचा विचार सुरू होतो. हेतू दयेचाच असतो. परंतु त्याला शास्त्राचा आधार नाही.

या जातींच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. आत दाट, मऊ लव आणि बाहेर लांब, राठ केस. आखूड केसांचा लॅब्रॅडॉरही याच वर्गातला, हे अनेकांच्या गावी नसते. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. शरीरातील उष्णता तो मुख्यतः धापा टाकून बाहेर सोडतो. त्यामुळे केस उतरवून त्याला आपल्यासारखा गारवा मिळेल, ही अपेक्षाच चुकीची ठरते. उलट बाहेरचा थर गेल्याने ऊन थेट कातडीवर येते. काही कुत्र्यांचे राठ केस तर पुन्हा पूर्वीसारखे उगवतच नाहीत.

खरा त्रास असतो तो गळून आतच अडकलेल्या लवेचा. तिच्यामुळे कातडीपर्यंत हवा पोहोचत नाही आणि केसांच्या गाठी होतात. केस झडण्याच्या दिवसांत लांब दातांच्या कंगव्याने मुळापासून रोज विंचरणे, हाच त्यावरील उपाय. विंचरणे आंघोळीपूर्वी व्हावे, कारण भिजलेल्या गाठी अधिक घट्ट बसतात. आंघोळीनंतर आतला थर पूर्ण वाळवणेही तितकेच आवश्यक. पावसाळ्यात ओलसर लवेखाली कातडी चिघळते. शस्त्रक्रिया, त्वचारोग किंवा न सुटणाऱ्या गाठी असतील तरच, तेही पशुवैद्यकाच्या सल्ल्याने, केस कापावेत.

अर्थात कंगव्यालाही मर्यादा आहेत. हस्कीला घाटाखालच्या दुपारी सावली, पाणी व कूलर लागतोच. आणि वीज गेली की कूलरही थांबतो. तेव्हा प्रश्न निगेपुरता उरत नाही, विक्रीपर्यंत जातो. प्रजननासाठी व व्यापारासाठी परदेशी कुत्रे आणण्यावर केंद्राने २०१६ मध्ये निर्बंध घातले. पण देशांतर्गत पैदास त्याने थांबणारी नव्हती. २०१७ च्या नियमांनी पैदासकारांना नोंदणी सक्तीची केली आणि आठ आठवड्यांहून लहान पिलांच्या विक्रीस मनाई केली. मार्च २०२४ मध्ये केंद्राने २३ जातींवर बंदी आणण्यासाठी राज्यांना पत्र धाडले; कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये ते रद्द ठरवले. त्या यादीचा निकष मात्र जातीचा उग्रपणा हा होता. ती जात कोणत्या हवामानात तग धरेल, याचा विचार त्यात नव्हता.